जुना कंदील घेताना आणि पेटवताना

पहिला कंदील घेताना एकच अट घाला: तो पेटला पाहिजे. दिवाणखान्यात टांगायला, आत बल्ब बसवून शोभेला ठेवायला कुठलाही कंदील चालतो. पण कंदिलाची खरी ओळख त्याच्या ज्योतीवरून होते. ज्योत सरळ राहते का, वारा आला की दबते का, काच काळी पडते का, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचा कंदील बाजारात हातात घेताना नेमकं काय बघायचं ते आपोआप कळायला लागतं. म्हणून नव्याने या नादाला लागणाऱ्यांना मी सांगतो, आधी एक कंदील नीट चालता करा, मग दुसरा शोधा.

आपल्याकडे रॉकेलचे दिवे अनेक तऱ्हांचे होते. बिनकाचेची पत्र्याची चिमणी, भिंतीवर टांगायचा आरशाचा दिवा, टेबलावरचा लांब काचेचा दिवा, हातात धरून गोठ्यात-शेतात न्यायचा कंदील, आणि लग्न-तमाशाच्या मांडवात फुसफुसणारी गॅसबत्ती. नवशिक्याने कंदिलापासूनच सुरुवात करावी. त्याचे भाग थोडे, दुरुस्ती सोपी, वात आणि काच अजून मिळते, आणि गॅसबत्तीसारखा हवेचा दाब त्यात नसतो.

कंदिलाच्या आत हवा कशी फिरते

हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंदिलाचे बहुतेक बिघाड हवेचेच असतात.

सगळ्यात जुन्या पद्धतीत हवा बर्नरच्या, म्हणजे वात धरणाऱ्या भागाच्या, खालच्या भोकांतून थेट ज्योतीला मिळते आणि धूर वरून निघून जातो. बाजूला नळ्या नसतात. उजेड कमी, आणि वाऱ्याने ज्योत लवकर विझते. रेल्वेच्या जुन्या हातबत्त्या आणि जहाजांवरचे बरेच दिवे याच प्रकारचे.

अमेरिकेत जॉन आयर्विन याने 1868 ते 1874 या काळात दोन रचनांची पेटंटं घेतली आणि कंदिलाचं रूप बदललं. पहिलीला हॉट ब्लास्ट म्हणतात. तिच्यात काचेच्या वरून निघणारी गरम हवा आणि बाहेरची थोडी ताजी हवा एकत्र होऊन बाजूच्या दोन नळ्यांतून खाली बर्नरकडे येते. जळून निघालेली हवाच काही प्रमाणात परत येत असल्यामुळे ज्योत थोडी पिवळी आणि मंद असते. दुसरी रचना कोल्ड ब्लास्टची. इथे टोपीखाली वेगळा हवेचा कप्पा असतो. गरम धूर मधल्या धुराड्यातून बाहेर पडतो आणि नळ्यांतून खाली येते ती फक्त ताजी हवा. ज्योत पांढरट, उजेड हॉट ब्लास्टच्या जवळजवळ दुप्पट.

ओळखायचं कसं? वरचं धुराडं बघा. काचेच्या वर रुंद छत्रीसारखा कप्पा असून त्याच्या दोन बाजूंना नळ्या जोडलेल्या असतील आणि मधून वेगळं धुराडं वर आलेलं असेल, तर तो कोल्ड ब्लास्ट. नळ्या काचेच्या वर वळून मधल्या घंटीसारख्या तोंडालाच मिळत असतील, तर हॉट ब्लास्ट. वापरायला कोल्ड ब्लास्ट घ्या. संग्रहात दोन्ही असावेत, कारण शेजारी शेजारी पेटवले की फरक जितका उमगतो तितका वाचून उमगत नाही.

कोणती नावं दिसतील

महाराष्ट्रात जुना कंदील शोधताना सगळ्यात आनंद देणारं नाव म्हणजे ‘प्रभाकर’. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले काच कारखाना होता. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने पहिल्या महायुद्धाच्या काळात तो उभा राहिला. युरोपातून येणारी काच युद्धामुळे अडली होती आणि स्वदेशीची हवा होती. ओगले बंधूंनी आधी काच केली, मग कंदील केले. त्यांच्या कंदिलाला नाव दिलं ‘प्रभाकर’, आणि ते महाराष्ट्रातल्या घराघरांत गेलं. किर्लोस्करवाडीही त्याच संस्थानच्या हद्दीतली, हे लक्षात घेतलं की त्या लहानशा संस्थानाने उद्योगाला किती हात दिला ते दिसतं. टाकीवर किंवा धुराड्यावर हे नाव उठावाने दिसलं आणि काचही मूळची असली, तर तो कंदील सोडू नका. माझ्या मते मराठी माणसाच्या संग्रहातला पहिला मानाचा कंदील हाच असायला हवा, परदेशी नावं कितीही मोठी असली तरी.

परदेशी कंदिलांत दोन नावं वारंवार भेटतील. एक डीट्झ. रॉबर्ट एडविन डीट्झ याने 1840 मध्ये ब्रुकलिनला दिव्यांचा धंदा सुरू केला आणि पुढे त्या कंपनीचे कंदील जगभर गेले. दुसरं फॉयरहँड, जर्मनीतल्या हेर्मान नीयर याच्या कारखान्याचं. त्यावर हातात ज्वाळा धरल्याची खूण असते. त्यांचा ‘बेबी स्पेशल’ हा छोटा कंदील नवशिक्याला फार सोयीचा. त्याच्या 276 क्रमांकाच्या आजच्या आवृत्तीत टाकी साधारण 340 मिलिलिटरची, वात 15 मिलिमीटरची, आणि एका भरणीत वीस तासांच्या आसपास जळतो. हा नमुना अजून बनत असल्यामुळे वात-काच शोधत फिरावं लागत नाही.

कंदिलाचं वय काढायला देशाचं नाव उपयोगी पडतं. ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर 1918 ते 1992 च्या मधला. डीट्झवर ‘यूएसए’ऐवजी ‘हाँगकाँग’ असेल तर तो नंतरच्या काळातला. वाईट नव्हे, पण विकणारा शंभर वर्षांचा म्हणत असेल तर भाव त्याप्रमाणे पाडून मागा.

बाजारात हातात घेतल्यावर

मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार या ठरलेल्या जागा. पण चांगला माल बऱ्याचदा गावातल्या भंगारवाल्याकडे आणि नातेवाइकांच्या माळ्यावर असतो. कुणाचं जुनं घर उतरवलं जात असेल तर आधी पोटमाळा आणि गोठ्याची आढी बघायला सांगा.

कंदील हातात आला की मी हा क्रम धरतो. आधी टाकी हलवतो. आत खडखड वाजलं तर गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. मग टाकीचा तळ उजेडाकडे धरून बारकाईने बघतो. वर्षानुवर्षं ओल्या जमिनीवर ठेवलेले कंदील तळाच्या कडेलाच कुजतात. नखाने दाबल्यावर पत्रा कुरकुरला किंवा रंगाचा जाड थर खालून फुगलेला दिसला, तर तो कंदील फक्त सुट्या भागांसाठी घ्यावा. मग वातीची चावी फिरवून बघायची. अडकली असेल तर जोर लावू नका. आतलं दातेरी चाक झिजलेलं आहे की नुसतं मळाने जाम झालंय, हे घरीच कळेल. जाम झालेली चावी सुटते. दाते तुटलेली सुटूनही उपयोगी नाही.

नळ्यांमध्ये फुंकून बघा. कोकणात आणि देशावरही माळ्यावर पडलेल्या कंदिलाच्या नळ्यांत कुंभारमाशीने मातीची घरटी केलेली असतात. बाहेरून कंदील झकास, आणि पेटवला की गुदमरतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. घरटं पाण्याने भिजवून तारेने निघतं, तेव्हा त्यासाठी सौदा मोडू नका. फक्त विकणाऱ्याला ते दाखवून थोडं कमी करून घ्या.

काचेची वरची आणि खालची कड बोटाने नाही, डोळ्याने तपासा. टवका उडालेला असेल तर गरम झाल्यावर तिथूनच तडा जातो. काचेवर कंपनीचं नाव कोरलेलं असेल आणि ते धातूवरच्या नावाशी जुळत असेल, तर कंदिलाची किंमत वाढते. काच नसेल तर भाव निम्म्याखाली आला पाहिजे. तरी घ्यायचाच असेल, तर बसायच्या जागेचा खालचा व्यास, वरचा व्यास आणि उंची मोजून घेऊन मगच नवी काच शोधा. अंदाजाने आणलेली काच दोन-तीन मिलिमीटरने चुकते आणि तेवढ्याने हवा गळते.

एक सावधगिरी पितळी ‘जहाजी’ कंदिलांबद्दल. जुने म्हणून विकले जाणारे असे कितीतरी कंदील अगदी अलीकडे घडवलेले असतात. खऱ्या जुन्या पितळेवर झीज जिथे हात लागतो तिथे जास्त असते, म्हणजे कडीवर, चावीवर, झाकणावर. सगळीकडे एकसारखा काळसरपणा असेल, स्क्रू नवे असतील, किंवा तळाला वायर घालण्याजोगं गोल भोक असेल, तर ती शोभेची वस्तू समजा.

साफसफाई: जितकी कमी तितकी चांगली

घरी आणल्यावर पहिला मोह होतो तो घासून लख्ख करण्याचा. तो आवरा. जुन्या कंदिलावर कल्हईचा किंवा जस्ताचा पातळ थर असतो, आणि तोच पत्र्याला गंजापासून वाचवतो. लिंबाचं सत्त्व, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड यांनी गंजासोबत हा थरही जातो, आणि पहिल्याच पावसाळ्यात पत्रा पुन्हा लाल होतो.

सगळे भाग सुटे करा. काच काढायला तिची तार किंवा खटका दाबून काच वर उचला, तिरपी करून बाहेर घ्या. बर्नर टाकीवरून फिरवून काढा. धातूचे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. राहिलेली काजळी आणि वरवरचा गंज रॉकेलमध्ये बुडवलेल्या पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढा. लोखंडी ब्रश किंवा पॉलिश पेपर नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा खरवडू नका. त्याची धूळ श्वासात जाते.

पितळी बर्नर जाम असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद आचेवर उकळा. त्यासाठी स्वयंपाकातलं भांडं वापरायचं नाही, एक जुनं पातेलं कायमचं बाजूला काढा. पंधरा-वीस मिनिटांत पाणी चहासारखं तपकिरी होतं, जळकी वात मऊ पडते आणि चावी फिरायला लागते. मग टाचणीने बर्नरच्या जाळीतली एकेक बारीक भोकं मोकळी करा. कंटाळवाणं काम आहे, पण ज्योतीला लागणारी हवा त्या भोकांतूनच येते. निम्मी बंद असतील तर कंदील धूर ओकणारच.

टाकीच्या आतला गंज काढायला थोडं रॉकेल आणि मूठभर लहान नट टाकून झाकण लावा आणि हलवत राहा. नट मोजून टाका आणि मोजून बाहेर काढा. मग टाकीत रॉकेल भरून ती रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला तर गळती कुठे आहे तेही कळतं. भोक बारीक असेल तर कारागिराकडून डाक लावून घ्या. पण त्याआधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून पूर्ण वाळवा आणि टाकीत रॉकेल होतं हे त्याला स्पष्ट सांगा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत राहिलेली वाफ तापल्यावर स्फोट करते.

झाकणाच्या आतला वॉशर सुकून चुरा झालेला असतो. नवा नायट्राइल रबराचा कापून बसवा. सायकलच्या ट्यूबचं रबर रॉकेलमध्ये फुगतं.

वात आणि तेल

वात सुतीच हवी. नायलॉनमिश्रित फीत रॉकेल नीट ओढत नाही आणि टोकाला वितळते. बर्नरच्या खाचेची रुंदी मोजून वात आणा. खाचेत ती आरामात सरकली पाहिजे, पण बाजूला फट राहता कामा नये. धारदार कात्रीने टोक अगदी सरळ कापा आणि दोन्ही कोपरे किंचित, तांदळाच्या दाण्याएवढे, उडवा. कोपरे तसेच ठेवले तर ज्योतीला दोन्ही बाजूंनी शिंगं फुटतात.

तेल फक्त रॉकेल. रेशनचं रॉकेल निळं असतं आणि आता ते फारसं मिळतही नाही. खुल्या बाजारात पांढरं मिळतं. रॉकेलची वाफ पेट घ्यायला साधारण 35 अंशांच्या वर तापमान लागतं. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटते. म्हणून कंदिलात पेट्रोल, थिनर किंवा त्यांची भेसळ असलेलं काहीही घालणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुपारचा पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे रॉकेलही उन्हात ठेवू नका आणि उन्हात भरू नका. डिझेल जळतं, पण वात चिकट करतं आणि घरभर वास सोडतं. सजावटीच्या दिव्यांसाठी मिळणारं जाड पॅराफिन तेल रुंद वातीला चढत नाही. ज्योत खुरटी राहते आणि वातच जळते.

रॉकेलला पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लहान मुलं पाणी समजून पितात. कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, कारण ते उलटताना फुप्फुसात जातं. लगेच दवाखाना गाठा.

पेटवताना

टाकी काठोकाठ भरू नका. वरचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवा, तेलाला फुगायला जागा लागते. नवी वात असेल तर भरल्यावर किमान वीस मिनिटं थांबा. कोरड्या वातीला काडी लावली की तेलाऐवजी सूतच जळतं आणि टोकाला खडा धरतो. थांबताना बाहेर सांडलेलं रॉकेल पुसून घ्या.

काच खटक्याने उचला, वात बर्नरच्या फटीच्या जरा वर आणा, काडी लावा, आणि ज्योत वातीच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरल्याबरोबर वात खाली घेऊन काच बसवा. आता घाई नको. चार-पाच मिनिटं ज्योत बारीक ठेवा, काच सगळीकडून सारखी तापू द्या. कोल्ड ब्लास्टमध्ये तर हवेचा प्रवाह सुरू व्हायलाच थोडा वेळ लागतो. धुराडं तापलं की ज्योत आपणहून वर येते आणि पांढरी होते. म्हणून सुरुवातीलाच मोठी केलेली ज्योत थोड्या वेळाने काच काळी करते. नंतर हळूहळू वाढवा. चांगली ज्योत खाली रुंद, वर किंचित गोलसर, कडा स्वच्छ. वातीचं टोक बर्नरच्या फटीच्या जरा खालीच राहतं, बाहेर डोकावत नाही. जास्त उजेड हवा म्हणून वात चढवत गेलात तर धूर वाढतो, उजेड नाही.

ज्योत एका बाजूला उंच होत असेल तर वात तिरकी कापली गेली आहे. तडतड आवाज येत असेल तर तेलात पाणी आहे. टाकी रिकामी करून वाळवा. हळूहळू बारीक होत जात असेल तर वात जुन्या तेलाने चोंदली आहे. लपलप करत वर-खाली होत असेल तर काच नीट बसलेली नाही किंवा कुठेतरी हवा गळते आहे. उचलून चालायला लागलं की विझत असेल, तर नळ्या पुन्हा तपासा.

विझवताना वात खाली घ्या आणि काच थोडी उचलून फुंकर मारा. विझल्यावर वात फटीखालीच ठेवा. वर राहिली तर रॉकेल रात्रभर वातीतून चढत राहतं आणि सकाळी टाकी बाहेरून ओली सापडते. अनेकजण त्याला टाकीची गळती समजतात. जळकं टोक प्रत्येक वेळी कापू नका, गार झाल्यावर कापडाने पुसलं तरी पुरतं. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडू देऊ नका. काच पुसायला आजीच्या वेळची चुलीची चाळलेली राख आणि वर्तमानपत्राचा बोळा अजूनही उत्तम.

बंद खोलीत, मच्छरदाणीजवळ, झोपताना कंदील जळता ठेवायचा नाही. जळताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, म्हणून खिडकी उघडी हवी. धुराड्याच्या वर किमान हातभर जागा मोकळी ठेवा. पेटता कंदील भरू नका. आग लागलीच तर पाणी नको. वाळू किंवा ओलं, पिळलेलं जाड कांबळं टाका.

गॅसबत्तीबद्दल थोडं

बर्लिनच्या ग्रेट्झ कंपनीच्या पेट्रोमॅक्समुळे आपल्याकडे प्रत्येक गॅसबत्तीलाच पेट्रोमॅक्स म्हणायची पद्धत पडली. तिचा उजेड डोळे दिपवणारा, पण तिच्यात पंपाने दाब भरलेला असतो. टाकीची जोड कमकुवत असेल तर धोका मोठा. एखाद्या अनुभवी माणसाच्या शेजारी बसून शिका, एकट्याने प्रयोग नको. जुन्या मेंटलमध्ये, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या जाळीच्या पिशवीत, थोरियम असतं. ते किंचित किरणोत्सारी आहे. फुटलेल्या मेंटलची भुकटी फुंकू नका, ओल्या कापडाने उचला आणि हात धुवा.

नेताना आणि ठेवताना

बाहेरगावाहून कंदील आणायचा असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, वाळवूनच प्रवासाला निघा. रेल्वेत रॉकेल नेणं गुन्हा आहे आणि विमानातही चालत नाही. काच वेगळी, कापडात गुंडाळून डब्यात.

पावसाळ्याआधी वापरात नसलेल्या कंदिलांतलं तेल काढा, वात काढून वाळवा, पत्र्यावर मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा आणि कंदील फरशीवर न ठेवता टांगून ठेवा. नळ्यांच्या तोंडात कापसाचे बोळे घाला, म्हणजे कुंभारमाशी आत शिरत नाही. पेटवण्याआधी ते काढायचे आहेत याची चिठ्ठी कडीला बांधा. त्याच चिठ्ठीवर कंदील कुठून, कुणाच्या घरातून आला आणि काय काय बदललं तेही लिहा. पुढे कुणी तो विकत घेईल किंवा तुमच्या घरात वापरेल, तेव्हा काच मूळची की नंतरची, हे त्याला विचारत फिरावं लागणार नाही.